वाचकांचे प्रश्न : एका आवारात राहणारे लोक समुदाय केव्हा होतात?

प्रश्न : पुण्याच्या उपनगरात आमची बहात्तर सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. गणेशोत्सव, कोजागिरी, दिवाळी पहाट हे सगळे उत्साहात पार पडते आणि महाप्रसादाच्या पंगतीला आवार अपुरे पडते. वार्षिक सर्वसाधारण सभेला मात्र पंधरा सदस्यही जमत नाहीत. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती दोन वर्षे रखडली आहे, कारण कोणी किती पैसे द्यायचे यावर एकमत होत नाही. आमचे एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात की आपण समुदाय आहोत, हळूहळू सगळे जुळून येईल. मला वाटते की आपण फक्त शेजारी आहोत. समुदाय म्हणजे नेमके काय?
– एक सदस्य, पुणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि ती आपण सभेतही मांडावी असे मला वाटते. लोक एकमेकांशी किती गोडीने बोलतात किंवा सणाला किती माणसे जमतात, यावरून समुदाय ओळखता येत नाही. त्या लोकांच्या हाती सामायिक असे काय आहे आणि ते राखण्यासाठी प्रत्येकजण आपल्या मर्जीला कोठे मुरड घालतो, हे पाहावे लागते. आपल्या संस्थेत सण सामायिक आहे, टाकी मात्र अजून सामायिक झालेली नाही. कागदोपत्री ती सर्वांची आहे, पण तिची काळजी कोणाच्याच वाट्याला आलेली नाही.

माझे म्हणणे स्पष्ट व्हावे म्हणून धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धतीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेली ही सिंचनाची व्यवस्था आहे. नदीच्या पात्रात दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि त्या पाटाखाली येणाऱ्या सगळ्या जमिनीचे काही मोठे भाग करायचे; या भागांना फड म्हणतात आणि बहुधा ते चार असतात. एका फडात एका हंगामाला एकच पीक घेतले जाई. ऊस कोणत्या फडात करायचा, भुसार पिके कोणत्या फडात, आणि पाणी कमी असेल तर कोणत्या फडाला ते द्यायचेच नाही, हे त्या बंधाऱ्याचे शेतकरी एकत्र बसून ठरवत. पाणी फिरवण्याचे, देखरेखीचे आणि राखणीचे काम पाटकरी, हवालदार आणि जागल्या यांच्याकडे असे आणि त्यांचा मोबदला पिकातून दिला जाई. हंगामापूर्वी पाटातला गाळ काढण्याचे काम सर्वांचे होते.

या मांडणीतली सर्वांत मोलाची गोष्ट जमिनीच्या नकाशात आहे. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. त्यामुळे दुष्काळी वर्षात एखादा फड कोरडा ठेवण्याचा निर्णय झाला, तर त्याची झळ कोणा एकालाच बसत नसे. ती सर्वांना थोडी थोडी बसे, आणि जे पाणी उरले त्यातही सर्वांचा वाटा राही. ज्याची सारी जमीन पाटाच्या तोंडाशी आहे त्याला शेपटाकडच्या शेतकऱ्याची फिकीर करण्याचे कारण नसते, हे आपण आजच्या कालव्यांवर पाहतोच. फडात मात्र बहुतेकांची काही जमीन चांगल्या जागी आणि काही अडचणीच्या जागी असल्यामुळे न्याय्य वाटप हे चांगुलपणावर सोडावे लागत नसे. याची किंमतही होती. आपल्या शेतात आपल्याला हवे ते पीक घेण्याची मोकळीक शेतकऱ्याला नव्हती. शेजारच्या सगळ्या पट्ट्यांत गहू असेल तर त्यालाही गहूच घ्यावा लागे. ही किंमत पिढ्यानपिढ्या मोजली गेली, कारण एकट्याने बंधारा बांधणे कोणालाच शक्य नव्हते.

पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, घरोघर विहिरी आल्या, विहिरींवर विजेचे पंप बसले, आणि अनेक ठिकाणी फड मोडकळीस आले. ज्याला स्वतःच्या विहिरीतून हवे तेव्हा पाणी मिळू लागले, त्याला पाटाच्या बैठकीला जाण्याचे किंवा गाळ काढायला फावडे उचलण्याचे कारण उरले नाही. गावातील जत्रा, लग्ने, भजने यांत त्यामुळे काही उणे झाले नाही. तरीही एक समुदाय तेथे संपला होता, आणि गोडी कायम असल्यामुळे तो संपल्याचे चटकन कोणाच्या ध्यानात आले नसावे.

आपल्या संस्थेकडे या दृष्टीने पाहा. टाकी गळते, तरी घरोघरी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे, स्वतंत्र साठवण आहे, आणि अगदीच नड आली तर टँकर बोलावता येतो. प्रत्येकाने आपापली विहीर खणलेली आहे. अशा स्थितीत ‘हळूहळू सगळे जुळून येईल’ हे आपल्या ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे मला पटत नाही. ज्या गोष्टीवाचून कोणाचे अडत नाही, ती आपोआप जुळून येत नसते.

आता टाकीच्या पैशांविषयी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे संस्थेच्या कारभारासाठीच्या नमुना नियमावलीत, खर्चाच्या वाटणीचे नियम दिलेले आहेत आणि ते विचारपूर्वक केलेले आहेत. उदाहरणार्थ, ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिच्या दुरुस्तीचा आणि देखभालीचा खर्च त्या इमारतीतील सर्व सदस्यांनी समान द्यायचा असतो, मग कोणी ती वापरो वा न वापरो. तळमजल्यावरील सदस्याला हे अन्यायाचे वाटते आणि त्याची तक्रार समजण्यासारखी आहे. पण वापराप्रमाणे पैसे असा हिशेब सुरू झाला की बागेत न जाणारा बागेचे पैसे कापून मागेल आणि चारचाकी नसलेला वाहनतळाच्या दिव्यांचे. दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायच्या निधीसाठी, किमान पाव टक्का रक्कम सदस्यांकडून घ्यावी, असेही उपविधी सांगतात. हे निधी आपल्याकडे नियमित जमा होत असते, तर टाकीसाठी ऐनवेळी वर्गणी मागण्याचा प्रसंगच बहुधा आला नसता. म्हणून भांडण ‘कोण किती’ याचे नसून, हा निधी इतकी वर्षे का उभा राहिला नाही याचे आहे, असे सभेत सांगावे.

सभेला माणसे येत नाहीत यावरही एक उपाय सुचवतो. बहुतेक संस्थांत काय घडते ते आपल्याला ठाऊक आहे. सभेची वेळ होते, गणपूर्ती नसते, अध्यक्ष सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करतात, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे दहा-बारा माणसे चहा घेता घेता साऱ्या ठरावांवर हात वर करतात. कायद्याने ते चालते, पण असा निर्णय घरी बसलेल्या साठ कुटुंबांना आपला वाटत नाही, आणि पैसे मागायला गेल्यावर ते तसे तोंडावर सांगतात. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या सुमारे शंभर घरांच्या गोंड गावाने याबाबत वेगळी वाट घेतली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा महाराष्ट्रात अनेकांनी ऐकली असेल. पण घोषणेइतकीच त्यामागची बैठकीची रीत समजून घेण्यासारखी आहे. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एखाद्याचा विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. त्याशिवाय गावात अभ्यास गट चालत आला आहे, ज्यात एखादा विषय केवळ समजून घेण्यासाठी लोक बसतात, बाहेरच्या जाणकारांनाही बोलावतात, आणि त्या बैठकीत निर्णय घेत नाहीत.

या सवयीचे फळ गावाला पुढे मिळाले. वनहक्क कायदा २००६ साली झाला, आणि त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखाते देईना. दोन वर्षे गावाने हा प्रश्न कायद्याच्या आधाराने लावून धरला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. कायद्यातील कोणत्या कलमाने आपल्याला काय दिले आहे, हे ज्या गावाने वर्षानुवर्षे एकत्र बसून वाचले होते, त्या गावाला कोणी परतवून लावू शकले नाही.

आपल्या बहात्तर घरांत सर्वसहमती कदाचित जमणार नाही, आणि उपविधीही बहुमताची वाट देतात. अभ्यासाची बैठक मात्र नक्की जमेल. सभेच्या महिनाभर आधी एका रविवारी सकाळी टाकीचे झाकण उघडून सदस्यांना आतली अवस्था प्रत्यक्ष दाखवावी, अभियंत्याला तेथेच उभे करून तडे कोठे आहेत आणि त्यांतून सांडपाणी आत येण्याचा धोका कितपत आहे हे विचारावे, निधीचा हिशेब छापून प्रत्येकाच्या हाती द्यावा, आणि त्या दिवशी एकही ठराव मांडू नये. ज्यांनी टाकीत डोकावून पाहिले आहे, त्यांतील बरेचजण सभेला येतील असा माझा भरवसा आहे.

प्रश्न : मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, नोकरीनिमित्त मुंबईत राहतो. आमच्या वाडीत मंदिराच्या बांधकामाच्या हिशेबावरून वाद झाला आणि माझ्या काकांनी वर्गणी देण्याचे नाकारले. त्यावर गावकीने बैठक घेऊन ठरवले की त्यांच्या घरी कोणी जायचे नाही, त्यांना लग्नकार्याला बोलवायचे नाही, आणि शिमग्यात पालखी त्यांच्या दारात न्यायची नाही. वडीलधारे सांगतात की शिस्तीशिवाय गाव टिकत नाही. समुदायात राहायचे तर ही किंमत द्यावीच लागते का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : नाही. आणि हे उत्तर मी कोणत्याही आडवळणाशिवाय देत आहे, कारण आपल्या काकांवर जे लादले गेले आहे तो राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर केला आणि २०१७ पासून तो अमलात आहे. एखाद्या व्यक्तीला किंवा कुटुंबाला वाळीत टाकणे, धार्मिक वा सामाजिक कार्यात भाग घेण्यापासून रोखणे, त्यांच्याशी व्यवहार तोडायला इतरांना भाग पाडणे, या सर्वांसाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पीडित व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबातील कोणालाही पोलीस ठाण्यात अथवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. काकांनी बैठकीची तारीख, ठराव कोणी मांडला, कोणकोणत्या कार्याला त्यांना वगळले, हे आत्ताच लिहून ठेवावे.

मागील उत्तरात मी समुदायासाठी मर्जीला मुरड घालावी लागते असे म्हटले आहे, म्हणून फरक नीट सांगणे माझे कर्तव्य आहे. सामायिक कामाची शिस्त त्या कामापुरती असते. पाटाचा गाळ काढायला न येणाऱ्याकडून त्याच्या वाट्याच्या श्रमाची भरपाई मागणे समजू शकते. त्याच्या मुलीच्या लग्नाला जाऊ नका असे सांगणे ही शिस्त राहत नाही. तुमच्या काकांनी तर हिशेब मागितला आहे. सामायिक पैशांचा हिशेब मागणारा माणूस समुदायाचे काम करत असतो, आणि त्याला वाळीत टाकणारी बैठक त्या पैशांवरचा सर्वांचा हक्क काढून घेत असते.

गावगाड्याच्या एकोप्याचे गोडवे आपल्याकडे फार गायले जातात आणि त्याला जुनी परंपरा आहे. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० मध्ये भारतीय खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले, आणि पुढे अनेक देशभक्तांनीही तोच सूर धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कौतुकाचा कठोर समाचार घेतला आणि खेडे हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर असल्याचे सांगितले. ते हवेतून बोलत नव्हते. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने बोले ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे म्हटले, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठरावही केला, तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह त्या तळ्यापर्यंत चालत जाऊन ओंजळीने पाणी प्यावे लागले, आणि त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली. तळे गावाचे होते, पण गाव म्हणजे कोण हे काही जातींनीच ठरवून टाकले होते.

मी ज्या व्यवस्थांची वाखाणणी करतो त्यांनाही ही कसोटी लावलीच पाहिजे. फडाच्या बैठकीत बसणारे जमीनधारक होते. त्याच फडात राबणाऱ्या भूमिहीन मजुराला तेथे मत नव्हते. गोव्यातील गावकरी, म्हणजे गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या मूळ घराण्यांच्या संघाची व्यवस्था, तिचेही तसेच. समुद्राचे खारे पाणी अडवणारे बांध आणि भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आतबाहेर सोडणाऱ्या मानशी (झडपांचे दरवाजे) राखून गावकरांच्या या संघांनी खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल, जमिनीत शतकानुशतके भात पिकवले, आणि त्यांचे रिवाज इतके पक्के होते की १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने ते लिहून काढले. व्यवस्था म्हणून गावकरी मला आजही थक्क करते. पण तिचे सदस्यत्व मूळ घराण्यांच्या पुरुष वंशजांकडे होते, वर्षअखेरीच्या उत्पन्नातला वाटा त्यांचा होता, आणि त्याच बांधावर माती टाकणारे कितीतरी लोक तिच्या बाहेर होते. व्यवस्थेचे कौशल्य मानायचे आणि तिचा अन्यायही सांगायचा, दोन्ही एकाच वेळी करावे लागते.

आपण मुंबईत आहात, हे या प्रकरणात काकांचे बळ आहे. कोकणातल्या बहुतेक वाड्यांचे मुंबईत मंडळ असते आणि मंदिराचे बरेचसे पैसे चाकरमान्यांकडूनच जातात. त्या मंडळाच्या बैठकीत आपण दोन लेखी मागण्या कराव्यात : बांधकामाचा संपूर्ण हिशेब सर्व वर्गणीदारांना मिळावा, आणि बहिष्काराचा निर्णय मागे घेतल्याचे गावकीने लेखी कळवावे. हे झाले नाही तर तक्रार नोंदवण्यात संकोच बाळगू नये. घरातले लोक ‘गावाशी वैर नको’ म्हणतील. वैर गावकीने आधीच सुरू केलेले आहे.

प्रश्न : बडोद्यात आमची चौथी पिढी आहे. येथील एका मराठी मंडळाचा मी पदाधिकारी आहे. नाट्यसंगीताचे कार्यक्रम, व्याख्याने, गणपती सगळे करतो, पण तिशीच्या आतले कोणी येत नाही. समुदाय असा विरून जात असेल तर काय करावे?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : आपण तरुणांना कशासाठी बोलावता, हे एकदा निमंत्रणपत्रिका समोर ठेवून पाहावे. बहुतेक मंडळांत त्यांना प्रेक्षक म्हणून किंवा खुर्च्या मांडण्यासाठी बोलावले जाते. निर्णय आणि तिजोरी दोन्ही साठीच्या पुढच्या मंडळींकडे असतात. प्रेक्षकाला घरबसल्या हवे ते पाहता येते, त्याने आपल्या सभागृहात येण्याचे विशेष कारण नाही.

परगावची मराठी मंडळे मुळात गरजेतून उभी राहिली. नव्याने आलेल्याला खोली, खानावळ, ओळखपाळख, मुलीसाठी स्थळ, अडीनडीला चार माणसे, हे तेथे मिळत असे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, त्यामागेही परक्या शहरातल्या माणसांना एकमेकांची लागणारी गरजच होती. बडोद्यात चौथ्या पिढीला या गरजा नाहीत. ती तेथलीच आहे, तिचे मित्र गुजराती आहेत, आणि यात दुःख मानण्यासारखे काही नाही. पण आजही मंडळाच्या सभासदांत एक खरी गरज नक्की असेल : ज्यांची मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत आणि जे मागे एकटे राहतात असे वृद्ध. रात्री छातीत दुखू लागले तर कोणाला दूरध्वनी करायचा, रुग्णालयात सोबत कोण बसणार, विम्याचे कागद कोण भरणार, हे प्रश्न त्यांना रोज भेडसावतात.

पुढच्या कार्यकारिणीत हे काम, त्यासाठीची रक्कम आणि ती खर्च करण्याचा अधिकार, तिन्ही गोष्टी पस्तिशीच्या आतल्या चार-पाच सभासदांकडे सोपवाव्यात, आणि त्यांनी मराठीत बोलावे की गुजरातीत याबद्दल पहिल्या वर्षी काही म्हणू नये. आजी-आजोबांच्या घरी जाऊन बसणाऱ्या मुलांच्या कानावर मराठी पडेलच. एकट्या राहणाऱ्या सभासदांची नावे, त्यांची औषधे आणि जवळच्या नातेवाइकांचे क्रमांक यांची यादी करण्यापासून सुरुवात करता येईल. ती अद्ययावत ठेवणे हेच पहिल्या सहा महिन्यांचे काम ठरवावे आणि नाट्यसंगीताच्या पुढच्या कार्यक्रमाची चिंता तोवर बाजूला ठेवावी.